गुणी बाळ

माझी मुलगी जानेवारीतल्या एका सोमवारी पहाटे नाशिकमध्ये जन्मली, तेव्हा गर्भारपणाचे ३५ आठवडे आणि ४ दिवस झाले होते. डॉक्टरांनी दिलेली तारीख फेब्रुवारीच्या मध्याची होती. रविवारी रात्री जेवणाची ताटे उचलत असतानाच पाणी गेले आणि बाळंतपणाची पिशवीही धड भरलेली नसताना आम्ही रुग्णालय गाठले. वजन भरले २ किलो २६० ग्रॅम. सासूबाईंनी मनातल्या मनात हिशेब करून ‘सव्वादोन किलो म्हणजे चांगलंच की’ असे म्हटले आणि ते ऐकून मलाही बरे वाटले. सातव्या महिन्यातल्या बाळाची जी चित्रे आपल्या मनात असतात, पारदर्शक कातडी, नळ्या, तळहातावर मावणारा देह, तसे तिच्यात काहीच नव्हते. नखे होती, जावळ होते, गालही बऱ्यापैकी भरलेले होते. अशी ३४ ते ३६ आठवड्यांची बाळे दिसायला पूर्ण दिवसांच्या बाळासारखीच असतात आणि नेमके हेच त्यांच्याबाबत फसवे असते, हे मला कळायला पुढचे सहा दिवस जावे लागले.

पहिल्या काही तासांत दोन अडचणी आल्या आणि दोन्ही सुटल्या. तिचा श्वास फार जलद चालत होता. नवजात बाळ मिनिटाला साधारण ४० ते ६० वेळा श्वास घेते. हिचे आकडे सत्तरच्या पुढे जात होते आणि श्वास सोडताना बारीक कण्हल्यासारखा आवाज येत होता. पोटात असताना बाळाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात. कळांच्या काळात आणि जन्मानंतर तो द्रव शोषला जातो, पण आधी जन्मलेल्या किंवा कळा न येता सिझेरियनने काढलेल्या बाळांत हे काम रेंगाळू शकते, असे बालरोगतज्ज्ञांनी समजावले. एक दिवस ती नाकाजवळच्या प्राणवायूवर पेटीत राहिली आणि दुसऱ्या दिवशी श्वास आपोआप संथ झाला. दुसरी अडचण साखरेची. टाचेला सुई टोचून काढलेल्या थेंबात साखर ३८ आली. शेवटच्या आठवड्यांत बाळ यकृतात साखरेचा आणि अंगावर चरबीचा जो साठा करते, तो हिचा अपुराच राहिला होता. माझा चीक हाताने पिळून चमच्याने पाजला, थोडे सलाईन दिले आणि आकडा वर आला. ‘क’ नव्हे, ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन, बीसीजी, पोलिओचे थेंब, काविळीच्या ‘बी’ प्रकाराची लस, हे सगळे यथासांग झाले. गुरुवारी, म्हणजे चौथ्या दिवशी, बिलिरुबिन, म्हणजे रक्तातले काविळीचे पिवळे द्रव्य, ९.८ असताना आम्हाला घरी सोडले. त्या वयाच्या तासांना हा आकडा उपचाराच्या रेषेखाली होता, पण तो अजून चढणारा होता, म्हणून कार्डावर ठळक लिहिले होते: शनिवारी दाखवायला आणावे.

पहिले बाळंतपण, त्यामुळे आम्ही माझ्या माहेरी, पिंपळगाव बसवंतजवळच्या गावी गेलो. जानेवारीत त्या भागातली थंडी द्राक्षबागायतदारांना विचारावी. पहाटे पारा घसरला की वडील मण्यांना तडे जातील म्हणून बागेत शेकोट्या पेटवायला जात आणि घरात आई मला आणि बाळाला दुपट्यांवर दुपटी घालून बसे.

त्या तीन दिवसांत आम्ही कशाकशाला घाबरलो, ते आज लिहिताना गंमत वाटते. तिच्या नाकावर मोहरीपेक्षा बारीक पांढरे दाणे होते. अंगावर लाल चट्टे उठत आणि दुपारपर्यंत जागा बदलत. कमरेखाली निळसर डाग होता, तो कोणी तरी दाबल्याचा वळ असावा असे मावशीला वाटले. तिची इवली छाती फुगली होती. चौथ्या दिवशी लंगोटाला रक्ताचा ठिपका दिसला, तेव्हा तर मी रडलेच. यांपैकी एकही गोष्ट आजाराची नव्हती. माझ्याच शरीरातली संप्रेरके तिच्यात उतरलेली होती. ती ओसरू लागली की मुलींमध्ये असा ठिपका दिसतो आणि मुलगा असो वा मुलगी, छाती काही दिवस फुगते. ती पिळून ‘दूध काढायचे’ नसते, एवढे पथ्य पाळले की पुरे. दाणे, चट्टे आणि निळा डाग यांना तर औषधच नाही, कारण त्याची गरजच नसते.

आणि ज्याला घाबरायला हवे होते, त्याचे आम्ही कौतुक करत होतो. मुलगी रडत नव्हती. अंगावर घेतली की पाच-सात मिनिटे ओढायची, मग ओठ सैल सुटायचे आणि झोप लागायची. चार चार तास उठायची नाही. शेजारच्या काकू बघायला आल्या, त्या म्हणाल्या, ‘काय गुणी बाळ आहे गं, घरात तान्हं आहे असं वाटतच नाही.’ आईने लगेच मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढली. मी सातपूरच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात काम करते. चालू यंत्राचा आवाज अचानक कमी झाला, तर आम्ही आधी त्याच यंत्राकडे धावतो. घरी मात्र माझ्या कुशीतला आवाज दिवसागणिक कमी होत होता आणि मी त्या शांततेत झोप काढून घेत होते.

खुणा नव्हत्या असे नाही. चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत बाळाची काळी चिकट शी संपून मोहरीसारखी पिवळी शी सुरू व्हायला हवी. हिची अजून काळपट हिरवीच होती, तीही दिवसातून एकदा. शू सहा-सात वेळा व्हायला हवी; आम्ही मोजतच नव्हतो, पण लंगोट कमी बदलावे लागतात म्हणून आई खुशीत होती. शनिवारी लंगोटावर विटकरी रंगाचा भुकटीसारखा डाग पडला. आधीच्या रक्ताच्या ठिपक्याबद्दल फोनवर विचारून मन निवांत झाले होते, म्हणून हाही त्यातलाच समजलो. तो वेगळा होता. शरीरात पाणी कमी पडून लघवी फार घट्ट झाली की तिच्यातले क्षार असे विटकरी रंगाचे उतरतात. अंगाला पिवळी झाक आली होती, ती सगळ्यांनाच दिसत होती; पण ‘सगळ्याच बाळांना होते, कोवळ्या उन्हात धरा’ हा सल्लाही सगळ्यांनाच पाठ होता. सकाळी नऊच्या उन्हात, गार वाऱ्यात, आम्ही तिला कुंचीसकट अंगणात धरून बसत होतो.

शनिवार हा दाखवायला नेण्याचा दिवस. त्याच्या आदल्या रात्री पाचवी पुजली होती. पाटा-वरवंटा मांडला, कोरा कागद आणि लेखणी ठेवली, सटवाई येऊन नशीब लिहिते म्हणून आई रात्रभर दिवा जपत जागी राहिली. सकाळी बाळ गाढ झोपेत होते, बाहेर धुके होते, नवऱ्याची पाळी बदललेली होती आणि घरात पाहुणे होते. एवढ्या थंडीत तीस किलोमीटर नेण्यापेक्षा सोमवारी नेऊ, असे मीच म्हटले. आईचा किंवा रीतीचा यात काही दोष नाही. कार्ड मी वाचले होते, तारीख मला माहीत होती, आणि ती पुढे ढकलण्याचा निर्णय माझा होता.

रविवारी सकाळी दहाच्या सुमारास गावच्या आशाताई आल्या. त्यांची भेट खरे तर सोमवारची. पण सोमवारी आरोग्य केंद्रात बैठक असल्याने त्या एक दिवस आधीच आल्या. त्यांनी हात साबणाने धुतले, चहा नाकारला आणि पहिल्यांदा दुपटी सोडली. काखेत थर्मामीटर लावला, तो ९६.६ वर थांबला. नवजात बाळाला किमान ९७.७ हवे. झोळीचा काटा धरला, तो दोन किलोच्या खाली गेला. मग खिडकीपाशी नेऊन त्यांनी कपाळ, छाती, मांडी असे एकेका ठिकाणी अंगठ्याने हलके दाबून सोडले. रक्त सरकले की खालचा पिवळा रंग उघडा पडतो. शेवटी तळपाय दाबला. तोही पिवळा होता. त्यांनी तळपायाला दोनदा टिचकी मारली. मुलीने पाय आखडला, तोंड वेडेवाकडे केले, पण रडण्याचा आवाज मांजराच्या पिलासारखा बारीक आला आणि तो थांबलाही लगेच.

‘ताई, ही झोपलेली नाही,’ त्या म्हणाल्या. ‘हिला उठायचंच बळ नाहीये.’

आशाताईंच्या या भेटींचे वेळापत्रक तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस असे असते. घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची ही पद्धत आपल्याच राज्यात, गडचिरोलीत, डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून उभी केली. तिच्यामुळे नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध झाला आणि पुढे देशभरच्या कार्यक्रमाला त्याचा आधार मिळाला. हे मी नंतर वाचले. त्या सकाळी मला एवढेच दिसले की अंगाला हात लावण्याआधी हात धुणारी आणि दुपटे सोडून बाळ बघणारी ती घरातली पहिली बाई होती. आम्ही सगळे दुपट्याबाहेरचा चेहराच बघत होतो.

पुढचा दीड तास मला तुकड्यातुकड्यांत आठवतो. आशाताईंनी बाळाला माझ्या गाऊनच्या आत, कातडीला कातडी लावून, छातीवर उभे बांधले आणि वरून शाल गुंडाळली. गाडीत तिला गरम ठेवण्याचा तोच खात्रीचा उपाय, गरम पाण्याच्या पिशवीने भाजते, असे त्यांनी बजावले. निघण्यापूर्वी थोडे दूध पिळून चमच्याने पाजायला लावले. ओझर गेले, आडगाव गेले, द्वारकेच्या चौकात नेहमीप्रमाणे अडकलो. तिचा श्वास माझ्या गळ्याला लागत होता आणि मी तो मोजत होते.

रुग्णालयात वजन भरले १ किलो ९८० ग्रॅम. पहिल्या आठवड्यात सगळ्याच बाळांचे वजन थोडे उतरते, सात ते दहा टक्क्यांपर्यंत ते चालते. हिचे बारा टक्क्यांहून जास्त उतरले होते. बिलिरुबिन १९.४. रक्तातले सोडियम १५४, जे १४५ च्या आत हवे. एवढ्या आठवड्यांच्या बाळाला या वयात उपचाराची रेषा साधारण १८ च्या आसपास असते आणि अंगातले रक्तच बदलावे लागण्याची रेषा त्याहून काही अंक वर. म्हणजे आम्ही दोन रेषांच्या मधल्या पट्टीत उभे होतो. डॉक्टरांनी तिचे हात खेचून पाहिले, मान किती सावरते ते पाहिले, पाठीची कमान होते का ते पाहिले आणि रडणे ऐकले. बिलिरुबिन फार वाढले तर ते मेंदूत उतरते आणि तिथले नुकसान भरून येत नाही. ऐकू येणे आणि स्नायूंवरचा ताबा हे त्याचे पहिले बळी. तपासून झाल्यावर ते म्हणाले, ‘अजून वेळ गेलेली नाही. पण उद्या आणली असती, तर मी हे म्हणू शकलो असतो की नाही, माहीत नाही.’

त्यांनी बरेच प्रश्न विचारले. रक्तगट आम्हा दोघींचाही बी पॉझिटिव्ह, त्यामुळे गट न जुळण्याचा भाग नव्हता. (माझ्या जावेचा गट ओ निगेटिव्ह आहे, तिला अठ्ठाविसाव्या आठवड्यात आणि पुन्हा बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत जे महागडे इंजेक्शन दिले होते, ते पुढच्या बाळाला होणारी अशीच कावीळ टाळण्यासाठी, हे मला तेव्हा उमगले.) जन्माच्या पहिल्या २४ तासांत पिवळेपणा होता का? नव्हता. असता, तर तो कधीच साधा धरला जात नाही. मग एक प्रश्न आला, ज्याने आई चपापली: ‘बाळाचे कपडे पेटीतून काढलेले आहेत का? डांबरगोळ्यांतले?’ माझी स्वतःची जपून ठेवलेली झबली आईने हौसेने ट्रंकेतून काढली होती आणि ट्रंकेत डांबरगोळ्या होत्याच. काही बाळांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पी-डी नावाचे विकर जन्मतःच कमी असते. अशा बाळाला त्या गोळ्यांचा नुसता वास लागला तरी पेशी भराभर फुटू शकतात. तपासणीत हिचे विकर नीट निघाले. तरीही ती झबली त्याच संध्याकाळी बाजूला गेली.

खरे कारण साधे होते आणि म्हणूनच बोचणारे होते. तिला दूध पोहोचत नव्हते. बाळाच्या तांबड्या पेशींचे आयुष्य मोठ्या माणसाच्या पेशींपेक्षा कमी असते, शिवाय त्या संख्येनेही जास्त असतात. त्या मोडल्या की बिलिरुबिन तयार होते. ते यकृताने आतड्यात सोडायचे आणि शीतून बाहेर पडायचे. आधी जन्मलेल्या बाळाचे यकृत अजून मंद असते. त्यात दूधच कमी गेले, तर शी होत नाही आणि आतड्यात पोहोचलेले बिलिरुबिन तिथून पुन्हा रक्तात शोषले जाते. कावीळ वाढली की बाळ सुस्त होते, सुस्त झाले की ओढत नाही, ओढले नाही की दूध आणखी कमी जाते. ३५ आठवड्यांच्या बाळाला ओढणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ घालता येतो, पण त्यात ते लवकर दमते. पाच मिनिटांत सुटणारे तिचे ओठ तृप्तीने सुटत नव्हते, थकव्याने सुटत होते. बाळ अंगाला लागले आहे, तोंड हलते आहे, म्हणजे दूध पोटात जाते आहे, असे मी धरून चालले होते. गिळण्याचा आवाज येतो का, हे मी ऐकलेच नव्हते.

तिला दिव्यांखाली ठेवले. अंगावर फक्त लंगोट, डोळ्यांवर पट्टी, वरून एक आणि खालून एक असा निळा प्रकाश. या प्रकाशाची गोष्ट मला तिथल्या वरिष्ठ सिस्टरांनी रात्रपाळीत सांगितली आणि ती त्यांना सांगायला आवडते हे उघड होते, कारण गोष्टीतली नायिका त्यांच्याच पेशातली. इंग्लंडमधल्या एका परगण्यातल्या रुग्णालयात १९५० च्या दशकात एक सिस्टर कमी दिवसांच्या बाळांना उन्हात फिरवून आणत असे. एका बाळाचा अंगभर रंग फिका झाला आणि चादरीने झाकलेला कोपरा मात्र पिवळाच राहिला, हे तिने डॉक्टरांना दाखवले. तिथल्या डॉक्टरांनी त्यावरून दिव्यांचा पाळणा तयार केला आणि १९५८ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ‘मग कोवळं ऊन चुकीचं कसं?’ असे मी साहजिकच विचारले. त्यांचे उत्तर मला पटले. काम करतो तो उन्हातला निळा भाग, ४६० ते ४९० नॅनोमीटरच्या आसपासचा; तो कातडीतल्या बिलिरुबिनचे रूप असे बदलतो की ते यकृताच्या मदतीवाचून पित्तातून आणि लघवीतून निघून जाऊ शकते. दिव्यात तो मोजून देता येतो आणि तोही चोवीस तास, उघड्या अंगावर. अंगणात कुंची घालून दहा मिनिटे धरलेल्या बाळाला उजेड मिळतो तो नाकाला, आणि थंडी मिळते ती सगळ्या अंगाला. दिव्याखालच्या बाळाचा रंग मात्र बघायचा नाही, हेही त्यांनी सांगितले: कातडी आधी उजळते, रक्तातला आकडा मागून उतरतो, म्हणून टाचेचे रक्तच खरे.

आकडे असे उतरले: सहा तासांनी १७.६, दुसऱ्या दिवशी सकाळी १४.५, मंगळवारी ११.१. सोडियम मुद्दाम सावकाश, दोन दिवसांत उतरवले; ते झपकन उतरवले तर मेंदूला सूज येऊ शकते, त्यामुळे सलाईनचा थेंबन् थेंब मोजलेला होता. जंतुसंसर्गाची शंका म्हणून प्रतिजैविकेही सुरू केली होती, कारण सुस्ती, थंड पडलेले अंग आणि दूध न ओढणे ही नवजात बाळाच्या जंतुसंसर्गाचीही लक्षणे असतात आणि एवढ्या लहान बाळाला त्यात ताप येईलच असे नसते. रक्ताच्या कल्चरमध्ये ४८ तासांत काही वाढले नाही, तेव्हा ती बंद झाली.

दिव्यांचे काम दिवे करत होते. माझे काम दूध. दर दोन तासांनी पिळायचे, मोजायचे, आत द्यायचे. पहिल्या दिवशी नाकातल्या नळीने, दुसऱ्या दिवसापासून बोंडल्याने. घरात चांदीचे बोंडले होते, पण उकळून निर्जंतुक करायला सोपे म्हणून सिस्टरांनी स्टीलचे दिले. पहिल्या खेपेला दोन्ही बाजूंचे मिळून १५ मिलिलिटर निघाले आणि मला त्या बाटलीकडे बघवेना. सिस्टर म्हणाल्या की अंगावर ओढले गेले नाही म्हणून पान्हा आटला आहे, मागणी वाढली की पुरवठा वाढेल. कारखान्यात हे वाक्य मी शंभरदा ऐकले असेल, इतके खरे ठरताना मात्र प्रथमच पाहिले. मंगळवारी रात्री एका खेपेला ४० मिलिलिटर निघाले.

मातांच्या खोलीत माझ्या शेजारी सुरगाणा तालुक्यातली एक बाई होती. तिचे बाळ ३० आठवड्यांचे, जन्मतः सव्वा किलोच्या आसपास. ती तिथे तीन आठवड्यांपासून होती आणि त्या विभागातली अर्धी डॉक्टरच झाली होती. ती दिवसाचे आठ-दहा तास बाळाला उघड्या छातीवर बांधून बसे. कांगारूसारखी ही पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी पडत होत्या म्हणून सुरू झाली आणि आज जागतिक आरोग्य संघटना कमी वजनाच्या बाळासाठी ती जन्मानंतर लगेच, दिवसातून आठ ते चोवीस तास करावी असे सांगते. त्या बाईला हा इतिहास ठाऊक नव्हता, पण तिला हे ठाऊक होते की बाळ छातीवर असले की त्याच्या पडद्यावरचे आकडे स्थिर राहतात. तिच्या बाळाची डोळ्यांच्या पडद्याची तपासणी तीस दिवसांच्या आत व्हायची होती. इतक्या लवकर जन्मलेल्या बाळांत पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढून दृष्टी जाऊ शकते. वेळेत लेझर केले तर ती वाचते. तारीख चुकू नये म्हणून तिने ती हाताच्या पंजावर पेनाने लिहून ठेवली होती आणि पुसट झाली की पुन्हा गिरवत असे. ते बघून मला आमच्या शनिवारची लाज वाटली.

दिवे बंद केल्यावर एक दिवसाने बिलिरुबिन पुन्हा तपासले. ते थोडे उसळते, हिचे ११.९ झाले आणि तिथेच थांबले. गुरुवारी २ किलो ६० ग्रॅमवर आम्हाला सोडले. या खेपेला सूचना मी स्वतःच्या अक्षरात उतरवून घेतल्या. दर दोन-अडीच तासांनी उठवून पाजणे, झोपलेली असली तरी. चोवीस तासांत सहा तरी ओले लंगोट. रोज ‘डी’ जीवनसत्त्वाचे ४०० युनिट थेंब, पुढे लोहाचे थेंब. नाळ कोरडी ठेवणे. तिच्यावर हळद नाही, तेल नाही, काही नाही. थायरॉइडची चाचणी झालेली होती आणि ठीक होती. आणि तीन आठवड्यांनंतरही पिवळेपणा राहिला, शी खडूसारखी पांढुरकी झाली किंवा लघवीने लंगोट गडद पिवळा झाला, तर ‘बघू’ न म्हणता त्याच दिवशी येणे, कारण पित्ताची नळी जन्मतः बंद असेल तर तिची शस्त्रक्रिया साठ दिवसांच्या आत झालेली बरी. ही शेवटची सूचना आईने पाठ केली. तीन आठवडे ती प्रत्येक लंगोट खिडकीत नेऊन उजेडात बघत होती.

माहेरी परतल्यावर मला वाटले होते की खटके उडतील. खाटेखाली शेगडी, ओव्याची धुरी, सहाणेवर उगाळायची मुरडशेंग, वेखंड, जायफळ, सगळी तयारी आईने महिनाभर आधीच करून ठेवली होती. खटके उडाले नाहीत. बंद खोलीतला धूर आणि कोळशाचा वायू तिच्या फुप्फुसांना नको, सहा महिने दुधाशिवाय काही नको, मध तर वर्षभर नको, हे डॉक्टरांनी तिला माझ्यादेखत सांगितले होते. जायफळाने बाळ झोपते, हे आईला ठाऊकच होते. ‘आता हिला झोपवायची नाही, उठवायची आहे,’ म्हणत तिने सहाण आपणहून माळ्यावर टाकली. शेगडीची जागा तिने स्वतःच घेतली. मी दूध पिळायला किंवा दोन घास खायला उठले की ती चोळीची बटणे सोडून नातीला छातीवर घेई, वरून नऊवारीचा पदर आणि शाल. ‘शेकच आहे हा,’ ती म्हणाली, ‘फक्त निखारा माझा.’

भिंतीवर दिनदर्शिकेशेजारी मी एक तक्ता लावला: वेळ, बाजू, मिनिटे, शू, शी, वजन. नवऱ्याने तो पाहून हा तर आमच्या कारखान्याचा तपासणी तक्ता असे म्हटले, आणि तो तसा होताही. रोज २० ते ३० ग्रॅम वजन वाढायला हवे होते. सतराव्या दिवशी ती जन्माच्या वजनाला परत आली. त्या पहाटे तिने पावणेतीनला टाहो फोडून सगळे घर उठवले. वडील बागेतून आले, त्यांना शेकोटीपाशी तो आवाज ऐकू आला होता म्हणे. बाग घरापासून फार लांब नाही, तरी मला ते ऐकून काय वाटले ते लिहिता येत नाही. बारसे आम्ही बाराव्या दिवशी केले नाही. ती २ किलो ७०० ची झाल्यावर केले, तेही पन्नास माणसांऐवजी घरच्याच अकरांत, आणि आत्याने कानात नाव सांगण्याआधी हात धुतले.

एक तपासणी उरली होती. बिलिरुबिन एवढे चढले की कानाच्या आतला भाग शाबूत राहूनही मेंदूकडे जाणाऱ्या मज्जातंतूला इजा झालेली असू शकते, म्हणून कानात नळी घालून होणारी झटपट चाचणी पुरेशी धरत नाहीत. डोक्याला तारा लावून केली जाणारी ‘बेरा’ करावी लागते. ती तीन महिन्यांची असताना नाशिकमधल्या एका श्रवण तपासणी केंद्रात तारीख मिळाली. या चाचणीला एकच अट असते, बाळ गाढ झोपलेले हवे. आम्ही तिला सकाळपासून जागी ठेवली, गाडीत डुलकी लागू दिली नाही, तिथे पोहोचल्यावर पोटभर पाजली. ती झोपेना. मी फिरवले, आईने अंगाई म्हटली, नवऱ्याने पायांवर घेऊन हलवली. पाऊण तास ती त्या छोट्या, पडदे लावलेल्या खोलीत हातपाय झाडत खणखणीत रडत राहिली. आमच्यामागे दोन बाळे खोळंबली होती. तंत्रज्ञ बाई तारा हातात धरून ताटकळल्या आणि शेवटी थोड्या वैतागून म्हणाल्या, ‘फारच रडकी आहे हो तुमची मुलगी.’

‘हो ना,’ आई म्हणाली, आणि इतकी प्रसन्न हसली की त्या बाईंना कळेना, यात हसण्यासारखे काय आहे.

दीडच्या सुमाराला ती झोपली. दोन्ही कानांच्या लहरी ३० डेसिबलपर्यंत, म्हणजे अगदी हलक्या आवाजापर्यंत, उमटल्या.